फ्लेक्सवरची सत्यभामाबाई

योगेशनं सत्यभामाबाईच्या टोपलीत ब्रोकोली ठेवली आणि तिथून सगळं बिघडलं.

खरं तर टोपलीत आधी वांगी होती. जांभळी, चकचकीत, देठाला काटे असलेली, त्याच सकाळी तोडलेली. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती काळीठिक्कर दिसायला लागली आणि मोनाली मॅडम मागे येऊन म्हणाल्या, "जरा रंग येऊ दे रे. फ्रेश वाटलं पाहिजे." मग योगेशनं वांगी उडवली, ब्रोकोली टाकली, लाल-पिवळी ढोबळी मिरची टाकली. टोपली अशी सजली की पाहणाऱ्याला वाटावं, ही वलगावच्या रस्त्यानं नाही, विमानानं आली. टोपलीमागची बाई मात्र खरी होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर मातीचं बोट, आणि तोंडभर हसू.

थोड्याच दिवसांत ते चित्र वलगावच्या रस्त्यावर दोन मजली घराएवढं होऊन उभं राहिलं. वर ठळक अक्षरं: ‘आम्ही आलो, तुम्हीही या!’ हे वाक्य जाहिरातवाल्याचं होतं, योगेशचं नव्हतं. त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच.

वलगावच्या पुढे पेढी नदीच्या काठी वसाहत व्हायची होती. नुसती वसाहत नाही, शाश्वत वसाहत. मिश्र वापराची. खाली दुकानं, वर घरं, पायी जाता येईल अशी शाळा, दवाखाना, सायकलचा वेगळा रस्ता, छपरांवर सौर पॅनल, ओल्या कचऱ्याचं खत, आणि या सगळ्याच्या कडेनं, नदीला धरून, लांबच लांब उद्यान. आराखडा करणाऱ्या मोनाली मॅडम अमरावतीच्याच, पण पुण्यात शिकून आलेल्या, आणि त्यांचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता. त्यांच्या हाताखालच्या योगेशचाही होता. तो तिवस्याच्या शाळेतला, डिप्लोमा अकोल्याचा. ‘सस्टेनेबल’ हा शब्द न अडखळता म्हणायला त्याला बरेच महिने लागले होते, त्यामुळे त्याचा त्या शब्दावर फार जीव होता.

अडचण एकच. वरची शेतं कंपनीनं घेतली होती, पण उद्यानाच्या पट्ट्यात अजून भाजीच्या वाड्या होत्या. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, थोडा झेंडू. नकाशात वाड्यांचा रंग हिरवा आणि लॉनचाही हिरवा. एका दुपारी योगेशनं ‘भाजी’ खोडून ‘हिरवळ’ लिहिलं. रंग बदलायची गरज पडली नाही. आपण काही बदललं असं त्याला वाटलंही नाही.

वाडीवाल्यांना मात्र वाटत होतं. थंडीत नदीकाठी रोडग्यांची पंगत झाली तेव्हा सगळ्यांनी सामाईक विहिरीचं पाणी हातावर घेऊन ठरवलं होतं: एकट्यानं कोणी विकायचं नाही. जो फुटेल त्याची विहिरीवरची पाळी बंद. पाळी म्हणजे ओलिताची पाळी. इंजिन एक, विहीर एक, पाणी दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, आज याच्या वाफ्यात, उद्या त्याच्या. मार्चच्या उन्हात पाळी बंद म्हणजे वाडी बंद, हे सांगायला कोणी इंजिनिअर लागत नाही.

आणि आता फुटलेली बाई रस्त्यावर उभी राहून हसत होती.

ती हसली होती हे खरं. योगेश ड्रोन घेऊन मोजणीला गेला होता, वर आभाळाकडे बघत चालला होता, आणि चालता चालता गुडघ्यापर्यंत दांडात गेला. रिमोट तेवढा हात वर करून वाचवला. सत्यभामाबाई वांगी तोडत होती. तिनं ते पाहिलं आणि ती हसली. असं हसली की तिला खाली टेकावं लागलं. चिखलातून उठून योगेशनं मोबाईल काढला आणि फोटो घेतला. मग तिनं त्याला भाकर आणि वांग्याची भाजी खाऊ घातली, वर म्हणाली, "पोट्ट्या, खाली पाहून चालत जा. वरून काई पडत नाई." एवढा चांगला फोटो कुठंतरी लावलाच पाहिजे असं त्याला वाटलं, आणि मॅडमना तर ‘लोकल चेहरा’ हवाच होता.

सत्यभामाबाई खासबागेचं हसणं किती दुर्मीळ आहे, हे त्या गरिबाला ठाऊक नव्हतं.

ती बाजारात बसायची तेव्हा तिच्या शेजारी बसायला बाकीच्या बाया बिचकत. एकदा एक साहेब प्रत्येक वांग्यात नख रुतवून बघत होते. तिनं तीन वांगी बघू दिली, चौथ्याला हात पुढे करून साहेबांच्या गालावर नख टेकवलं. "कसं वाटते?" साहेबांनी पुन्हा त्या ओळीत पाऊल टाकलं नाही. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर म्हणाला, वहिनी, जरा हसा. तर ती म्हणाली, "दात पायाले मी घोडी हाव का?" तो फोटो अजून भिंतीवर आहे. वामनराव त्यात आज जितके घाबरलेले दिसतात तितकेच दिसतात. वामनराव म्हणजे तिचे मालक. दिवसाला दोन-चार शब्दांत भागवणारा माणूस.

राग तिला माहेराहून मिळाला होता. माहेर अकोल्याचं, मोर्णेकाठचं. बापाचा मोगरा आणि शेवंती होती. एका बंगलेवाल्याला ती जागा बागेसाठी पाहिजे होती. बापानं दिली. पैसे लग्नात आणि दवाखान्यात गेले, आणि बाप त्याच बागेत झाडांना पाणी घालायला पगारी लागला. एक दिवस मालकानं पाहुण्यांसमोर कौतुकानं विचारलं, "बाबा, ही शेवंती बरं का. माहीत आहे का तुम्हाला?" बाप ‘हो साहेब’ म्हणाला. सत्यभामा तेव्हा लहान होती, बाजूला उभी होती. बाप ‘हो साहेब’ का म्हणाला, याचा राग तिला अजून येतो, आणि तो ज्याला मिळायला पाहिजे त्याला कधी मिळाला नाही. म्हणून तो सगळ्यांना थोडा थोडा मिळतो.

फ्लेक्स लागल्यावर दोनच दिवसांत ती अमरावतीच्या ऑफिसात आली. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे न बघता तिनं ते असं लोटलं की ते दोन्हीकडे उघडलं. मागे वामनराव, चपला हातात.

"तो दांडात पडनारा पोट्टा कुठी हाय?"

योगेश उभा राहिला.

"पोट्ट्या, मले वर काहून टांगलं रे?"

"मावशी, बसा ना," मोनाली मॅडम पुढे आल्या. "पाणी घ्या."

"पानी नाई पायजे. पान्यासाठीच आली मी. काल माह्यी पाळी होती. खुशालभाऊनं दांड फिरवला. म्हणे, तुले आता कंपनी पानी देईन."

मॅडमना यातलं निम्मंच कळलं. त्या हसून म्हणाल्या, "पण फोटो किती छान आलाय तुमचा! सगळे विचारतात, ह्या कोण?"

"मीच विचारून राहिली, ही कोन? अन् टोपलीत हे काय भरलं? हिरवी फुलकोबी?"

"ब्रोकोली," योगेश पुटपुटला.

"कोनाच्या बापानं लावली? जिंदगी गेली माह्यी वांग्यात, अन् माह्येच वांगे फेकून देल्ले? चोरी करा तं करा, पण मले दुसऱ्याचा माल घेऊन कायले उभी करता?"

मॅडमनी खुर्ची ओढून तिला समोर बसवलं, नकाशा उघडला आणि समजावलं. तुम्हाला बाहेर काढायचं नाहीच आहे. तुमच्यासाठी प्लॅनमध्ये ‘किसान कट्टा’ आहे. दर रविवारी तुम्ही तिथे ताजी भाजी विकायची, थेट रहिवाशांना.

"कोनती भाजी?"

"तुमची."

"वाडीवर तं तुमी गवत लावून राहिले."

मॅडमनी योगेशकडे पाहिलं. योगेशनं नकाशाकडे पाहिलं. हिरवा रंग फार छान आला होता.

"बरं, असं करू," मॅडम म्हणाल्या. "फोटो वापरल्याचं मानधन देऊ आपण. रीतसर."

सत्यभामाबाई उठलीच. "म्हणजे मंग खरंच इकलं मी! आत्तापर्यंत खोटं होतं, आता खरं करता का? ते खाली उतरवा. बस्स."

"पाडव्याला बुकिंगचा शुभारंभ आहे, मावशी. तोपर्यंत नाही जमणार. नंतर बघू."

"पाडव्यापर्यंत पालक काय माह्या थुकीवर जगीन?"

वामनराव दारातून म्हणाले, "चाल वो." दिवसाचे निम्मे शब्द तिथंच संपले.

त्याच संध्याकाळी योगेश विहिरीवर गेला. चूक आपली आहे, आपण जाऊन सांगू, विषय संपेल, असं त्याला वाटलं. शाळेत चूक कबूल केली की गुरुजी शाबासकी द्यायचे, त्याचा हा परिणाम.

खुशालराव इंजिनाच्या खोलीपाशी बसले होते. विहिरीची किल्ली आणि पाळ्यांचा हिशोब दोन्ही त्यांच्याकडे. बाकीचे वाडीवाले आजूबाजूला. सत्यभामाबाई लांब, बांधावर, पाठ फिरवून बसलेली. योगेशनं सगळं सांगितलं. फोटो मी घेतला, मी कापला, मी चिकटवला. बाईंना काहीच माहीत नव्हतं.

"चिपकवला, मान्य," खुशालराव म्हणाले. "चिपकवता येते. आमच्या पोराईनं लग्नाच्या पत्रिकेत मेलेला बुढा चिपकवला, नव्या कोटात. पन भाऊ, हासू कुठून आनलं?"

"म्हणजे?"

"वहिनीचा लग्नातला फोटो पाय. आधार कार्ड पाय. ह्या बाईनं फुकटात कधी दात नाई दाखवले. इथं एवढी हासून राहिली, तं कोनी तरी हासवलं असंन. अन् कंपनी कायनं हासवते, ते आमाले समजते."

"मी दांडात पडलो म्हणून हसल्या त्या!"

वाडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जाईबाई, सत्यभामाबाईची धाकटी जाऊ, पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी पडली होती मांगच्या साली. मले म्हणे, वाफा फोडला भवाने."

"फोडलाच होता!" बांधावरून आवाज आला. सत्यभामाबाई ताडताड चालत आली. "काहो खुशालभाऊ, मी हासली तं गुन्हा झाला का? तुमच्या विहिरीवर हासाची बी पाळी लावली का?"

खुशालरावांचा आवाज उतरला. तो माणूस काही वाईट नव्हता. "वहिनी, मले समजते. पन बाकीच्याईले कोन समजावीन? दोघं-तिघं रोजच कंपनीच्या मानसासंगं चहा पेऊन राहिले. तुमी वरून हासता, ‘आमी आलो’ म्हनता, अन् तुमचं पानी चालूच राहिलं, तं उद्या ते म्हनतीन, फुटलं तरी काई होत नाई. मंग मी कोनाले अडवू? फ्लेक्स उतरू द्या. त्या दिवशी पाळी."

खुशालरावांचं बरोबर होतं, तिचंही बरोबर होतं, आणि चुकीचा जो होता तो तिथंच उभा होता, पायात बूट घालून.

मग पाळ्या येत गेल्या आणि दांड तिच्या वाडीवरून वळून पुढे जात राहिला. पालक आधी कडेनं पिवळा पडला, मग त्यानं मान टाकली. वांग्याची फुलं गळाली. वामनराव घरच्या नळाचं पाणी घागरीनं आणून सांबाराच्या दोन वाफ्यांना घालायचे. तेवढंच हिरवं राहिलं. सत्यभामाबाई बाजारात रिकाम्या पाटीशी बसायची नाही, पण जायची. घरी बसून जाऊबाईच्या वाफ्यात पाणी पडताना ऐकण्यापेक्षा ते बरं, म्हणायची. तिच्या फ्लेक्सखालूनच शेअर ऑटो जायचा. ऑटोतली पोरं वर बघायची, मग तिच्याकडे बघायची, आणि खिडकीबाहेर बघत हसायची.

ऑफिसात योगेशनं कामाच्या वेळातच दुसरा फ्लेक्स करून ठेवला. बाई काढली, झाड लावलं. मॅडमना दाखवला.

"नको रे. रिस्पॉन्स इतका चांगला येतोय. लोक म्हणतात, बाई किती ऑथेंटिक आहे."

"मॅडम, तिचं पाणी बंद केलंय."

"तो त्यांच्या गावातला इश्यू आहे, योगेश. आपण त्यात पडायचं नाही."

योगेश आपल्या खुर्चीवर येऊन बसला. त्याला पहिल्यांदाच राग आला, आणि सवय नसल्यानं तो कुठं ठेवायचा हे कळेना. त्यानं माऊस आपटला. माऊस ऑफिसचा होता.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं सत्यभामाबाईला तसंच सांगितलं. तो शिव्या खायच्या तयारीनं आला होता. तिनं पालक कापायचा विळा उचलला. कापायला पालक नव्हता.

"शिडी कोनाजवळ हाय?"

शिडी मंडपवाल्या प्रीतमकडे होती. योगेशनं ती ‘तासाभरात आणून देतो’ म्हणून आणली. दुपारची वेळ, रस्त्याला कुत्रं नव्हतं, कंपनीचा चौकीदार जेवायला गेलेला. वामनरावांनी आणि योगेशनं शिडी धरली आणि सत्यभामाबाई लुगड्याचा काष्टा आवळून स्वतःच्या तोंडापर्यंत चढली.

आधी तिनं नुसतं पाहिलं. एवढं मोठं आपलं तोंड आपण कधी पाहतो? मग विळ्याचं टोक केसांपाशी खुपसलं आणि कापायला लागली. कानाच्या कडेनं, मानेवरून, खांद्यावरून. सावकाश, शिंपी कापतो तसं.

"मावशी, सगळाच फाडा ना! लवकर होईल!" योगेश खालून ओरडला.

"सगळा काहून? बाकीचं त्याईचं हाय. माह्यं तेवढं मी नेते."

खरी पंचाईत बोटांशी आली. बोटं टोपलीवर होती. बोटं आपली, टोपली कंपनीची. तिनं पाचही बोटं एकेक करून सोडवली. एका ठिकाणी विळा घसरला आणि ब्रोकोलीचा एक तुकडा अंगठ्याबरोबर आला. ती वरून शिवी हासडून म्हणाली, "हे बी घ्या!" आणि तुकडा तोडून खाली फेकला. तो वामनरावांच्या टोपीवर पडला.

खाली उतरेपर्यंत चौकीदार धावत आला होता, फोन लागले होते आणि थोड्या वेळात मॅडमची गाडीही आली. फ्लेक्सवर नदी होती, सायकलवाले होते, सौर पॅनल होते, अक्षरं होती. मध्ये बाईएवढं भोक, त्यातून पलीकडची बाभूळ दिसत होती, आणि भोकापुढं हवेत टोपली.

"मावशी, हे नुकसान आहे," मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "पोलिसात तक्रार होऊ शकते."

"द्या ना. लिवा, बाईनं सोताले चोरलं."

मॅडमनी तिच्याकडे बघणं सोडून शिडीकडे पाहिलं. शिडी अजून योगेशच्या हातात होती. "उद्यापासून येऊ नकोस."

"येतो, एकदाच," योगेश म्हणाला. "तिथं ‘हिरवळ’ मी लिहिलंय. ते खोडून जातो."

तो ऑफिसात पोचेपर्यंत त्याचा पासवर्ड बदललेला होता. शाश्वत काय ते तेवढंच निघालं, ‘हिरवळ’. शिडी चौकीदारानं पुरावा म्हणून ठेवून घेतली. बुकिंग ठरल्या दिवशीच झालं. भोकाच्या जागी नवी बाई आली, इंटरनेटवरची, पांढऱ्या दातांची. तिनं तीच टोपली धरली. तिला विहिरीवरची पाळी तुटायची भीती नव्हती.

पण ते नंतर. त्या दुपारी सत्यभामाबाई आपली गुंडाळी काखेत मारून सरळ विहिरीवर गेली आणि ती खुशालरावांसमोर ओट्यावर उलगडली. वाडीवाले जमले. ओट्यावर सत्यभामाबाई पाठीवर पडून हसत होती आणि तिच्या डोक्याशी दुसरी, न हसणारी, उभी होती.

"मोजून घ्या. सगळी उतरली."

खुशालरावांनी उठून इंजिनाला किल्ली लावली. इंजिन खोकलं, मग धरलं. जाईबाईनं स्वतः जाऊन दांडाची माती ओढली आणि पाणी सत्यभामाबाईच्या वाडीकडे वळवलं. मेलेल्या पालकात पाणी शिरलं तेव्हा जमीन तडतडली. सत्यभामाबाई फावडं घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता तरी बाई निवळेल. योगेशलाही वाटलं.

"खुशालभाऊ," ती इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाली, "ही आजची झाली. मधल्या पाळ्या कोन देईन?"

"पाहू ना वहिनी."

"पाहू नका. द्या. माह्या नावाचं पानी तुमच्या सगळ्याईच्या मेथीत गेलं. हे पाय, जाईची मेथी कशी डोलून राहिली."

जाईबाईला अचानक खुरपणीची आठवण झाली.

"आता उन्हाळा लागला," खुशालराव म्हणाले. "विहिरीत पानी कुठी हाय जास्तीचं? पावसाळ्यात देऊ. दोन द्या म्हनसान तं चार देऊ."

"पावसाळ्यात? पावसाळ्यात तं देव बी देते, तुमचं काय त्यात?"

योगेशला हसू फुटलं. ती गर्रकन वळली. "तू काहून हासून राहिला? धर फावडं. बूट काढ आधी."

त्यानं बूट काढले, फावडं धरलं.

पुढच्या पाळीला तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. विचारलं की खुशालराव इंजिनाकडे वळून कुठं तरी तेल सोडतात, आणि ती वाफा भरेपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहते.